काचेतलं तण

शेततळ्यातलं पाणी हिरवं झालं की मासे पाळणारा शेतकरी खूश होतो. काठावर बसून तो कोपरापर्यंत हात पाण्यात घालतो आणि आपलाच तळवा दिसतो का ते बघतो. तळवा स्वच्छ दिसला तर पाण्यात माशांना खायला काही नाही. मग थोडं कुजलेलं शेण, थोडं सुपर फॉस्फेट टाकायचं. तळवा दिसेनासा झाला की समजायचं, कटला आणि सिल्व्हर कार्पच्या जेवणाची सोय झाली. हाच शेतकरी संध्याकाळी घरी येतो, बैठकीतल्या दोन फुटी फिशटँकचं पाणी तसंच हिरवं झालेलं बघतो आणि कपाळाला हात लावतो. तळ्यात ज्या शेवाळाची किंमत होते, काचेत त्याचीच लाज वाटते.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली आणि विदर्भ-मराठवाड्यात कोरडवाहू माणसालाही स्वतःचं पाणी, स्वतःचे मासे ही कल्पना ओळखीची झाली. घरात काचेची टाकी ठेवण्याची हौस मात्र त्याच्या आधीपासूनची. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तेव्हापासून मुंबई पाहून आलेल्या कितीतरी पाहुण्यांनी ‘आपल्याही घरी असं काही असावं’ म्हटलं असेल. आता अकोल्याला, वाशीमला दुकानं आहेत, मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत मिळतात, आणि मोबाइलवर जपानी बागांसारख्या टाक्यांची चित्रं बघून लोक माशांबरोबर वनस्पतीही मागतात. अडचण तिथेच सुरू होते. वनस्पती लावायच्या म्हणजे प्रकाश वाढवायचा, खत घालायचं. आणि त्या दोन्हींवर वनस्पतीच्या आधी शेवाळ ताव मारतं.

किन्हीराजा हे मालेगावहून शेलूबाजारकडे जाताना लागणारं मोठं गाव. (हे मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. नाशिकच्या मालेगावचा खुलासा इथल्या माणसाला आयुष्यभर करावा लागतो.) १ जुलै १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात होता. चहूकडे सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, पाण्याची सोय असेल तिथे हरभरा-गहू, कुठे संत्र्याच्या बागा. या गावातल्या एका घरी मी टाकी बघायला गेलो ते उन्हाळा तोंडावर असताना. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण सत्तर लिटर पाणी. तळाशी गुलाबी रंगवलेली खडी, तिच्यात खोचलेली व्हॅलिसनेरियाची चार-पाच पाती, एक प्लास्टिकचं कारंजं, गप्पी माशांचा थवा. टाकी पूर्वेच्या खिडकीखाली. सकाळचं ऊन थेट आत, आणि संध्याकाळी घरचे टीव्ही बघत बसेपर्यंत वरचा एलईडी चालू.

“सर, पानी बदललं की चार दिस बरं रायते, मंग पुन्हा हिरवंगार,” घरातला तरुण सांगत होता. त्याने बाही सरसावली, जुना टूथब्रश आत घातला आणि शेवया काट्यावर गुंडाळाव्या तसा गोल फिरवला. बाहेर आला तेव्हा ब्रशभोवती हिरव्या केसांचा ओला गुंता होता; पिळला तर मुठीत मावेल इतका. बोटांनी ताणला तर तुटला नाही. पातींच्या कडेला त्याच केसांची झालर उरली होती, आणि काचेवर मोहरीएवढे गडद हिरवे ठिपके, जे ब्रशने जात नव्हते, नखाने जात नव्हते, फक्त दाढीच्या ब्लेडने जात होते.

त्याने पुढे जे विचारलं, त्यावर हा सगळा लेख उभा आहे. “याले तननाशकासारखं काई नाई का?”

सोयाबीन पिकवणारा माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा अर्ध्या उत्तराच्या जवळ असतो. पेरणीनंतर ओळींमधली जमीन उघडी असते तोवर तण माजतं. डवरणी, निंदण, फवारणी, सगळं त्या काळातलं. पीक दाटलं, पानाला पान भिडलं, जमिनीवर ऊन पोचेनासं झालं की तण आपोआप मागे पडतं. दाट पिकात कुणी तणनाशक मारत बसत नाही. टाकीत नेमकं हेच घडतं. चार-पाच पाती, भरपूर उजेड आणि मोकळं पाणी म्हणजे पेरलेलं पण न उगवलेलं शेत. तिथे शेवाळ उगवलं नाही तरच नवल.

*

हे गेल्या तीस वर्षांतलं शहाणपण आहे, आणि ते भांडणातून आलं आहे. १९९६ साली पॉल सियर्स आणि केविन कॉनलिन या दोन कॅनडावासी हौशी मंडळींनी टाकीतल्या शेवाळावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की शेवाळ आणि वनस्पती यांच्यातली चुरस फॉस्फेटवर ठरते. नायट्रेट, पोटॅश, लोह, सूक्ष्म द्रव्यं वनस्पतींना मोकळ्या हाताने द्या, फॉस्फेट मात्र जवळजवळ शून्यावर ठेवा. वनस्पती माशांच्या खाद्यातून येणारं तेवढं फॉस्फेट उचलून साठवतील आणि शेवाळ उपाशी मरेल. घरी मिसळायच्या त्यांच्या द्रावणाला त्यांनी नावच ‘गरिबाचे खत-थेंब’ अशा अर्थाचं दिलं होतं. जगभरच्या हौशी लोकांनी ते वापरलं आणि पुष्कळांच्या टाक्या स्वच्छही झाल्या.

मग अमेरिकेतल्या टॉम बारने उलटा प्रयोग केला. दाट वनस्पती लावलेल्या, कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाकीत त्याने मुद्दाम फॉस्फेट टाकलं, वाढवत नेलं. शेवाळ आलं नाही. उलट काचेवरचे ते मोहरीएवढे हिरवे ठिपके कमी झाले. त्याने मांडलेली पद्धत अशी: खत हात राखून घालू नका, आठवड्याला निम्मं पाणी बदलून उरलंसुरलं काढून टाका.

दोघांपैकी खरं कोण? सरोवरांचा अभ्यास बघितला तर आधी सियर्स-कॉनलिनच बरोबर वाटतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ‘लेक २२६’ नावाचं एक सरोवर आहे. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्याच्या चिंचोळ्या कमरेत पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा झाला, दुसरा जसा होता तसा राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकांतून अजून छापला जातो. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं येण्यामागे त्याचा वाटा मोठा.

पण लेक २२६ चं ते हिरवं पाणी उघडं पाणी होतं. तिथे मुळं धरून उभ्या वनस्पतींचं दाट रान नव्हतं. उथळ तळ्यांचा हिशेब वेगळा निघाला. मार्टेन शेफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की खताचं प्रमाण तेवढंच असताना उथळ तळं दोन अवस्थांत राहू शकतं: वनस्पतींनी भरलेलं आणि नितळ, किंवा वनस्पती नसलेलं आणि हिरवं. दोन्ही अवस्था आपापल्या जागी घट्ट असतात. वनस्पती असल्या की गाळ बसून राहतो, पाण्यातलं खत उचललं जातं, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जिवांना लपायला जागा मिळते. त्या एकदा गेल्या की पाणी हिरवं होतं, उजेड तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे नवीन वनस्पती उगवत नाहीत. मग खत थोडंफार कमी केल्याने काही होत नाही. तळं हिरवंच राहतं. कोल्हापूरच्या रंकाळ्याला सांडपाण्याने हिरवं केलं आणि पुन्हा निवळवताना किती सायास पडले, हे कोल्हापूरकर सांगतील.

फिशटँक हे शेफरचं उथळ तळं आहे. म्हणून माझं मत बारच्या बाजूने झुकतं, पण अर्ध्यावर. त्याची पद्धत चालते ती त्याने आधी टाकी वनस्पतींनी गच्च भरलेली असते म्हणून. चार पात्यांच्या टाकीत त्याच्या मापाने खत घालणारा माणूस शेवाळाचीच शेती करतो.

*

शेवाळ म्हणजे एकच एक चीज नाही, हेही बघायला हवं. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर जी तपकिरी धूळ बसते ती डायॅटम. पुसली की जाते आणि टाकी जुनी झाली की यायचीच बंद होते. तिच्यासाठी कुणी पैसे खर्चू नयेत. हिरवे केस म्हणजे स्पायरोगायरा, ऊडोगोनियम, क्लॅडोफोरा असल्या मंडळींचा कारभार. त्यातलं स्पायरोगायरा अकरावीच्या जीवशास्त्रात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पेशीच्या आत वळत गेलेल्या हिरव्या फितीमुळे. पाणीच हिरवं होतं ते क्लोरेलासारख्या एकपेशी शेवाळामुळे, आणि ते गाळणीत अडकत नाही, कारण पेशी फार बारीक. निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून येणारी आणि वास मारणारी साय ही शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. त्यांच्याच नात्यातली स्पिरुलिना शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारच्या खाऱ्या, कडक अल्कधर्मी पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हाही लोकांनी आधी शेवाळावरच संशय घेतला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हा रंग मीठप्रेमी हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा.

आपल्या भागात या जिवांची नोंदच नाही असंही नाही. ना. द. कामत यांनी १९७५ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या जर्नलमध्ये विदर्भातल्या शेवाळांवर मोठा लेख लिहिला होता. गावतळ्यात, डबक्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर काय काय उगवतं याची ती शास्त्रीय मोजदाद. आपल्या टाकीत जे येतं ते परदेशी माशाबरोबर आलं असेल असं वाटत असेल तर तो गैरसमज. त्यातलं बरंचसं बोअरच्या नळापासून धुळीपर्यंत सगळीकडे आधीच हजर असतं. टाकी निर्जंतुक करून हा प्रश्न सुटत नाही.

सगळ्यांत चिवट मात्र ‘ब्लॅक बिअर्ड’. गाळणीच्या नळीवर, दगडाच्या कडेला, म्हाताऱ्या पानांवर काळ्या दाढीचे झुबके. रंग काळा असला तरी जात लाल शेवाळाची. पांढरं व्हिनेगर लावलं की ते लालसर होतं आणि खरी ओळख पटते. हे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रोज खाली-वर होत राहिला की फोफावतं, असा अनुभव बहुतेक टाकीवाल्यांचा आहे.

*

आता किन्हीराजाचं पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. हे मोजायला किट लागत नाही. कुलरच्या जाळीवर मे अखेरीला जो पांढरा कठीण थर चढतो तो बघावा. असल्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास जातो आणि त्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळपास उरत नाही. जपानी टाक्यांतल्या नाजूक लाल वनस्पती दुकानदाराने विकल्या तरी त्या इथे दोन आठवड्यांत गळून पडतात, आणि गळलेलं प्रत्येक पान शेवाळाचं खत होतं.

याच पाण्यात खूश राहणाऱ्या वनस्पती आहेत आणि त्या फुकट मिळतात. व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधूनच कार्बन काढून घेऊ शकतात. हायड्रिला तर शाळेतली मैत्रीण: चंचुपात्र, त्यावर उपडी परीक्षानळी, उन्हात ठेवलं की बुडबुडे. परीक्षेत पाच गुणांसाठी ज्या फांदीचं चित्र काढलं, ती फांदी शास्त्रज्ञांना पुढे चकित करून गेली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज बोज यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की पाणी कोमट झालं आणि कार्बन डायऑक्साइड आटला की हायड्रिला आपली प्रकाशसंश्लेषणाची रीत बदलते, मका-ऊस वापरतात तसल्या मार्गाने कार्बन पकडते, तेही मक्यासारखी पानांची खास रचना नसताना, एकाच पेशीच्या आत. मे महिन्यात वऱ्हाडातल्या टाकीत दुसरं सगळं मान टाकतं तेव्हा हायड्रिला वाढत असते ती या जोरावर. तिच्या पानांवर कधी कधी खरखरीत पांढरी पूड दिसते. बायकार्बोनेट वापरल्यावर मागे पडलेला चुनाच तो.

मी त्या तरुणाला सांगितलं ते एवढंच. गुलाबी खडी राहू दे, पण तिच्यात निम्मी टाकी भरेल इतकी वनस्पती एका दिवसात लाव. थोडी थोडी नको. वर मूठभर अझोला सोड. अझोला जनावरांना चारतात हे त्याला माहीत होतं. तिच्या मुळ्या पाण्यातलं फॉस्फेट ओढतात, ती वर सावली धरते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला थेट मिळतो, त्यामुळे खालच्यांशी तिला भांडावं लागत नाही. दर आठवड्याला निम्मी काढून गोठ्यात द्यायची. काढली नाही तर ती सगळं झाकून टाकते. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तरंगत्या वनस्पतींना मिळणाऱ्या या हवेच्या फायद्यावर बरंच लिहिलं आहे. तळाशी साध्या मातीचा थर आणि वर खडी ही त्यांची पद्धत आपल्याकडेही लोक करून बघतात. इथे एक सावधगिरी हवी: शेतातली काळी माती ओली झाली की फुगते आणि शेणखत-युरिया खाल्लेली असेल तर पाण्यात अमोनिया सोडते. पीएच आठच्या पाण्यात अमोनिया माशांना फार लवकर मारतो. माती वापरायचीच तर पडीक धुऱ्यावरची, दोन-चारदा भिजवून वाळवलेली, एक इंचाहून जास्त नाही.

टाकी खिडकीपासून हलवली. हे सगळ्यांत अवघड काम निघालं, कारण ती रिकामी केल्याशिवाय उचलता येत नाही आणि भरलेली उचलण्याचा प्रयत्न केला तर तळाची काच तडकते. पण हे केल्याशिवाय बाकी काही करण्यात अर्थ नव्हता. दुपारचं थेट ऊन लाखभर लक्सचं असतं, सकाळचं कोवळं ऊनही टाकीवरच्या एलईडीला हसतं. एवढ्या उजेडाला पुरून उरेल इतका कार्बन त्या पाण्यात नसतो. वनस्पतीची वाढ अडते, उजेड शिल्लक राहतो आणि तो शेवाळ वापरतं. एलईडी सहा तास, रोज त्याच वेळी. त्यासाठी टायमर आणला, आणि इथे वाशीम जिल्ह्याने आपलं वळण दाखवलं. चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो. तासभर लोडशेडिंग झालं की तासभर मागे पडतो. आठवडाभरात दुपारी दोनला लागायचा दिवा रात्री आठला लागायला लागला. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण खेड्यात तोच घ्यावा.

वीज जाण्याचा दुसरा परिणाम गाळणीवर. ती बंद पडली की तिच्यातल्या स्पंजात राहणारे, अमोनिया पचवणारे जीवाणू गुदमरतात. शिवाय कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या वर, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात मासे कमी, खाद्य कमी. दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यायचं. पाहुण्यांच्या मुलांना ‘माशांना खाऊ घाल’ म्हणून डबी हातात देण्याची पद्धत ज्या घरात आहे त्या घरात शेवाळ कधी जात नाही.

खतासाठी दुकानातल्या रंगीत बाटल्यांची गरज नाही, हे ऐकून त्या घरातला प्रत्येक जण हसला, कारण हवं ते कृषी केंद्रातच होतं. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५. मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ०:५२:३४. संत्र्यावर फवारायला आणलेल्या पुड्याच्या तळाला उरतं तेवढ्यात टाकीचं वर्ष निघतं. सत्तर लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकलं तर नायट्रेट लिटरमागे जवळपास नऊ मिलिग्रॅमने वाढतं; फॉस्फेट एक मिलिग्रॅमने वाढवायला ०:५२:३४ चा ग्रॅमचा दहावा भाग पुरतो, म्हणजे चिमटीहून कमी. आठवड्यातून एकदा, आणि तेही वनस्पती दाट झाल्यावरच. युरिया नको, डीएपी नको, १९:१९:१९ तर मुळीच नको. त्यांतून पाण्यात अमोनिया सुटतो, आणि शेवाळाला जागं करण्यात त्याचा हात पहिला, असं जुने टाकीवाले सांगतात. माशांसाठी तर ते विषच.

पाणी बदलताना ग्रामपंचायतीचं पाणी वापरलं तर त्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो. दुकानातलं हायपो टाकायचं किंवा बादली रात्रभर उघडी ठेवायची. उन्हाळ्यात आटलेलं पाणी नुसतं भरत राहिलो तर वाफ जाते आणि क्षार मागे राहतात, टाकी दर आठवड्याला अधिक कडक होते. त्यामुळे भरण्याआधी थोडं काढायचं. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी, पहिले दोन सडाके सोडून, पिंपात धरून ठेवलं आणि बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं तर याहून स्वस्त उपाय नाही.

*

‘शेवाळ खाणारे मासे’ हा दुकानदारांचा आवडता उपाय. गप्पी तर आरोग्य केंद्राकडून गावोगावच्या हौदांत डासांच्या अळ्या खायला सोडतात. कडक पाणी त्यांना मानवतं, कोवळं शेवाळ ते टोचत राहतात, पण केसाळ शेवाळ त्यांच्याकडून संपत नाही. मॉली बरी. साध्या गोगलगायी त्याहून बऱ्या. जपानचे ताकाशी आमानो यांनी शेवाळासाठी जो झिंगा लोकप्रिय केला तो आपल्या उन्हाळ्यात तग धरेल याची खात्री नाही. पाणी तिशीपार गेलं की तो कासावीस होतो. सायामीज अल्गी ईटर ब्लॅक बिअर्डसुद्धा खातो, पण त्याच्या नावावर अनेकदा चायनीज अल्गी ईटर विकला जातो, जो मोठा झाल्यावर शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. आणि सकर. काळा, खवलेदार, काचेला चिकटलेला हा मासा लहानपणी गोजिरवाणा दिसतो आणि फूटभराहून मोठा होतो. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं ही क्रूरता आहे, आणि त्याच्या विष्ठेतूनच शेवाळाला खत मिळतं.

आपल्याकडे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा आहेच. पुण्याच्या परिसरात मासे जमवणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि स्थानिक नावच लॅटिनमध्ये लावून दिलं; आज तो गारा मुल्या म्हणून ओळखला जातो. ओढ्याच्या वाहत्या, गार पाण्यातला हा जीव साचलेल्या टाकीत सुखी राहत नाही, म्हणून तो ओढ्यातच असू द्यावा.

राहिलं तणनाशक. वऱ्हाडात घरोघरी असतं ते मोरचूद. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावताना उरलेलं. तांब्याचं हे मीठ शेवाळ मारतं ही गोष्ट जुनी आहे. १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी शहरांच्या पाणीसाठ्यांसाठी त्याची पद्धतच छापली. पण शेवाळाला मारणारी मात्रा आणि गोगलगाय-झिंग्यांना मारणारी मात्रा यांत फारसं अंतर नाही, तांबं टाकीतल्या मातीत साठून राहतं, आणि मेलेलं शेवाळ कुजून एका रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. घरच्या टाकीत मोरचूद घालू नये. सायनोबॅक्टेरियावर प्रतिजैविकाच्या गोळ्या टाकण्याचा सल्लाही फिरतो. गाळणीतले उपयोगी जीवाणू त्याने जातात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार व्हायला मदत होते. त्यापेक्षा साय नळीने ओढून काढावी, टाकीवर जाड चादर घालून तीन दिवस पूर्ण अंधार करावा आणि चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदलावं. हिरव्या पाण्यावरही हाच उपाय लागू. ब्लॅक बिअर्डच्या झुबक्यावर मात्र मेडिकलमधलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, गाळणी बंद करून, सिरिंजने नेमकं त्याच जागी. सगळं मिळून चार लिटर पाण्याला एक मिलिलिटरच्या वर नको. दुसऱ्या दिवशी दाढी गुलाबी पडते आणि मासे ती खातात. दुकानात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारं ग्लुटराल्डिहाइड हेही करतं, पण त्याने व्हॅलिसनेरिया वितळते. किन्हीराजासाठी ते बाद.

पोळ्यानंतर पुन्हा ती टाकी पाहिली. पाणी नितळ होतं, हायड्रिला पृष्ठभागावर येऊन आडवी पसरली होती, खडी दिसतच नव्हती. गाळणीच्या नळीवर ब्लॅक बिअर्डचा एक झुबका शिल्लक होता आणि काचेवर थोडे ठिपके. “एवढं राहू देतो,” तो म्हणाला. “वावरात बी राह्यतेच ना.” आईची तक्रार वेगळी होती: मासे आता झाडीत लपतात, दिसतच नाहीत.

छाटलेली हायड्रिला, जास्तीची अझोला, वाढलेला सकर, नको झालेले गोल्डफिश यांचं काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. फ्लोरिडात १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून गेलेली हायड्रिला तिथल्या कालव्यांत सुटली आणि आजवर तिच्यावर अमाप खर्च झाला. आपल्याच वनस्पतीने तिकडे जलपर्णीची भूमिका केली. सकर भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पोचला आहे, आणि तो पोहत आलेला नाही. टाकी नको झालेल्या लोकांनी त्याला सोडलं. वाशीमच्या डोंगरांत उगम पावलेली काटेपूर्णा मालेगाव तालुक्यातून जाते आणि पुढे महानच्या धरणातून अकोल्याला पिण्याचं पाणी देते. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत टाकी आणणार असाल तर जरूर आणा. पण तिच्यातलं काहीही नाल्यात, विहिरीत, शेततळ्यात टाकू नका. वनस्पती उन्हात वाळवून उकिरड्यावर टाका, मासा दुकानदाराला परत द्या.